मुनिरी

मुनीरभाऊंची ओळख माझ्या कानांना आधी झाली, डोळ्यांना नंतर.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिंदेवाहीच्या बाजूला, कळमटोला नावाच्या लहानशा गावातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. मी चंद्रपूर शहरात वाढलेली. एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडं, एवढीच माझी जंगलाशी ओळख. बस फाट्यावर सोडायची, आणि तिथून गावापर्यंतचा कच्चा रस्ता सगळा सागाच्या आणि बांबूच्या रानातून जायचा. पहिल्या दिवशी फाट्यावर माझ्याबरोबर दुसरं कोणीच उतरलं नाही. बस धूळ उडवत निघून गेली आणि मी हातात बॅग घेऊन पळसाखाली उभी राहिले.

तेवढ्यात रानातून आवाज आला. आधी तारेचा. टुंय्, टुंय्, टँव. मग माणसांचा. कोणी विचारत होतं, कोणी उत्तर देत होतं, कोणी खो खो हसत होतं, कोणी कोणाला दटावत होतं. मला हायसं वाटलं. चला, पाच-सहा जण तरी येताहेत, त्यांना रस्ता विचारता येईल. वळणावरून बाहेर आला तो मात्र एकच माणूस.

उंच, काटकुळा. चौकड्याची लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि खांद्यावर स्वतःपेक्षा लांब पिंजण. गाद्यांचा कापूस मोकळा करायचं ते तात, म्हणजे ताणलेली चिवट दोरी, लावलेलं मोठं धनुष्य मी लहानपणी आमच्या गल्लीत पाहिलं होतं. त्या माणसाच्या भुवयांत, दाढीत, कानांवरच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते, त्यामुळे चाळिशीही न ओलांडलेला तो गडी आजोबा वाटत होता. चालता चालता एका हाताने तो तात छेडत होता.

मला पाहून तो थांबला. "नव्या मास्तरीनबाई का तुमी?"

"हो."

"संगं कोनी नाई?"

"नाही."

त्याने एकदा सिंदेवाहीकडच्या डांबरी रस्त्याकडे पाहिलं, एकदा ज्या रानातून नुकताच बाहेर आला होता त्या रानाकडे पाहिलं, आणि मोठा सुस्कारा टाकला. "चला मंग," म्हणाला, आणि आल्या वाटेने परत फिरला.

त्या दिवशी माझ्यापायी त्यांची बस चुकली, हे मला पुढे कळलं. त्या वाटेवर पाऊल टाकायला ते दर वेळी किती घाबरतात, हेही पुढेच कळलं.

मुनीरभाऊ सिंदेवाहीला राहायचे आणि आसपासच्या गावांत गाद्या-रजया भरायला जायचे. आज या गावी, उद्या त्या गावी. घराण्याचा धंदा, वडिलांपासून आलेला. पण जंगलाची भीती मात्र त्यांनी स्वतः कमावलेली होती. पाचोळा वाजला की ते दचकत. मोर ओरडला की थबकत. आणि भीती दाबायचा त्यांना एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे बोलत राहणं. मोठ्याने, न थांबता, वेगवेगळ्या आवाजांत, म्हणजे ऐकणाऱ्या जनावराला वाटावं की माणसांची झुंडच चालली आहे.

ते झाडांशी बोलत. पिंजणीशी बोलत. वाटेवर शेंदूर फासलेला मारोतीचा दगड होता, त्याला हात जोडत. थोडं पुढे चिंचेखाली एका पीराची हिरवी चादर होती, तिथे सलाम करत. "दोनी घरी वळख असली पाह्यजे बाई," म्हणत. वाघाचं नाव ते कधी तोंडातून काढत नसत. वाघाला ते साहेब म्हणायचे. "साहेब, आमी चाललो गा! आमचं काई काम नाई तुमच्यापाशी. तुमचं काई असन तं सिंदेवाहीच्या कचेरीत अर्ज द्या!"

पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं होतं, "भाऊ, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते म्हंजे? घरी माठामांगं झुरळ दिसलं तरी मले घाम फुटते."

"मग हा फिरतीचा धंदा कशाला?"

"गाद्या गावात, गावं जंगलात. मी काय करू, सांगा?"

गावात पोचले की मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. कोणाच्या तरी ओसरीवर जुना, काळवंडलेला, गोळा झालेला कापूस ओतून घ्यायचे, तोंडाला फडकं बांधायचे, आणि लाकडी ठोकळ्याने तातेवर ठोका मारायचे. तो आवाज सगळ्या गावाला पुरत असे. वर्गात मुलं पाढे म्हणत असली तरी त्या ठेक्यावर म्हणू लागायची. तास-दोन तासांत त्या मळकट गोळ्यांचा फुगलेला ढीग व्हायचा आणि मुनीरभाऊ त्याच्यामागे दिसेनासे व्हायचे. माझी गादी भरायला आले तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, हा कापूस फार जुना आहे हो, टाकून द्यायचा का?"

त्यांना ते आवडलं नाही. "कापूस जुना होत नाई बाई. थो फक्त दबते. मानसं झोपून झोपून त्याले दाबून टाकतात. मोकळा करा, तसाच हाय थो."

त्याच दिवशी त्यांनी मला आपल्या नावाचा अर्थ सांगितला. "मुनीर म्हंजे उजेड देनारा. अब्बानं मोठ्या हौसेनं ठेवलं. नाव उजेडाचं, आन् मानूस अंधाराले भेनारा." हे सांगून ते स्वतःच इतके हसले की फडक्याआडून कापूस उडाला.

पण त्या नावाचं गावाने जे केलं होतं, त्यावर ते हसत नसत.

कळमटोल्यात रामाजी नावाचे किराणा दुकानदार होते. पोट सुटलेले, दिलदार, आणि दुसऱ्याची फजिती पाहण्यासाठी जेवण सोडणारे. मी येण्यापूर्वी कधीतरी रामाजींनी मुनीरभाऊंना घाबरवायचा बेत केला. संध्याकाळी मुनीरभाऊ फाट्याकडे निघाले, तेव्हा हे आधीच जाऊन बांबूच्या बेटात दडून बसले आणि मडक्यात तोंड घालून गुरगुरले. मुनीरभाऊ जागच्या जागी थिजले. पळाले मात्र नाहीत. पाय हलत नव्हते, तोंड हलत होतं. हात जोडून ते बांबूच्या बेटाला म्हणाले, "साहेब, माह्या आंगावर काई नाई. हाडं हायेत, आन् पोटात कापूस गेलेला हाय, तुमाले पचनार नाई. तुमी असं करा, गावात जा. पिंपळापाशी रामाजीचं दुकान हाय. मानूस तूप खाऊन खाऊन असा झालेला हाय! तुमाले महिनाभर पुरते!"

रामाजींना हसू आवरेना. ते मडक्यासकट बाहेर लोळतच आले. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर झाली आणि रामाजींनी तिला नावही दिलं: मुनिरी. भ्यायलेल्या माणसाने भीती लपवायला केलेली बडबड म्हणजे मुनिरी. शब्द तोंडात बसला. पोरगं अंधारात मोठ्याने गाणं म्हणायला लागलं की आई म्हणायची, "मुनिरी मारून राह्यला का रे?" निवडणुकीत एक उमेदवार जीपवर उभा राहून घसा फोडून बोलला, तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मुनिरी हाय गा सारी, पडते थो." आणि तो पडलाही. आजूबाजूच्या गावांनी शब्द उचलला. तिथून तो सिंदेवाहीच्या बाजारात गेला, आणि बाजारातून शाळेत.

मुनीरभाऊंचा एकुलता मुलगा रफिक तेव्हा शाळेत होता. एक दिवस तो फाटलेला सदरा घेऊन घरी आला. हे मला मुनीरभाऊंनीच सांगितलं, ठोकळा खाली ठेवून, खाली बघत. "पोट्टे त्याले मुनिरी म्हनून चिडवत व्हते. मारामारी केली त्यानं. मले म्हने, अब्बा, तुम जंगल में चुप नई रह सकते क्या?"

"मग?"

"मंग काय. चुप राहून पाह्यलं. वाटभर तोंडात फडकं कोंबून चाललो बाई. फाट्यावर पोचलो तं आंघोळ केल्यासारखा भिजलो व्हतो. चुप राह्यलं तं माहा पायच उचलत नाई."

ते पुन्हा बोलत चालू लागले. पण त्यानंतर मुनिरी हा शब्द कोणी त्यांच्यासमोर उच्चारला की त्यांचा चेहरा पडायचा. गावातल्या बायकांनी ते ओळखलं आणि त्यांच्यापुढे तो शब्द बोलायचा नाही असं आपसूक ठरून गेलं. हसणारेही भल्या मनाचे होते. ते मुनीरभाऊंच्या मागे हसत, समोर नाही.

मी गावात रुळले, त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांनी ती गोष्ट घडली. मोहाची फुलं पडू लागली होती. गावातली एक बाई पहाटे मोह वेचायला गेली आणि परत आली नाही. तिला वाघाने नेलं होतं. जंगल खात्याची माणसं आली, फटाके फोडून गेली, रस्त्यावर पाटी लावून गेली. गावाने रानाकडे पाठ फिरवली. बाजार बंद, सरपण बंद, आणि सिंदेवाहीच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुली घरी बसल्या.

त्या मुलींत रामाजींची वंदना होती. दहावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. एवढ्याशा गावातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. तिच्या मागे नववीतल्या, आठवीतल्या चार-पाच जणी. मी रामाजींकडे गेले, तर ते पार मोडून गेल्यासारखे दुकानात बसले होते.

"बाई, परीक्षा काय, पुढल्या वर्षी बी देता येते. पोरगी कुठून आनू?"

वंदना आत भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. पण तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज मोठा झाला.

त्याच वेळी पिंपळापाशी मुनीरभाऊ टेकले होते. अशा दिवसांत हा माणूस गावात आला कसा, असं मला वाटलं. कोणाच्या तरी मुलीचं लग्न होतं, गादीचा शब्द दिलेला होता, म्हणून आले होते. ते उठून दुकानापाशी आले.

"पोट्ट्याईले मी नेतो."

रामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करायची त्यांची इच्छा नव्हती, पण सवयीने तोंडातून गेलंच. "तुमी? मुनीरभाऊ, तुमीच तं भेता!"

"भेतो ना. म्हनून तं नेतो. मले भेव लागत नसतं तं मी एकटाच मजेत गेलो असतो, मले कायले पाह्यजे पोट्ट्या?"

वंदना आतून हात पुसत बाहेर आली आणि मुनीरभाऊंच्या बाजूला जाऊन उभी राहिली. रामाजींनी मुलीकडे पाहिलं, आणि मग मान फिरवली. त्यांच्या घरात नाही म्हणायचं असलं की ते ओरडत. मान फिरवली म्हणजे होकार.

दुसऱ्या दिवसापासून मुनीरभाऊ सकाळच्या पहिल्या बसने फाट्यावर उतरायचे, रान तुडवत गावात यायचे, मुलींना घेऊन पुन्हा फाट्यावर जायचे आणि त्यांना बसमध्ये बसवायचे. दुपारनंतर तेच उलट. त्यांचा नियम एकच: कोणी गप्प राहायचं नाही. "बोला गे! काईबी बोला, पन जोरानं!" मुली लाजायच्या, काय बोलणार? मग वंदनाने तोडगा काढला. ती भूगोलाची उत्तरं मोठ्याने म्हणू लागली. तिच्यामागे बाकीच्या. खाऱ्या वाऱ्यांपासून विषुववृत्तापर्यंत सगळं त्या रानात ओरडून झालं. मधूनच पिंजणीचा टँव, आणि मुनीरभाऊंचा प्रश्न, "आन् पाऊस काऊन पडते, थे राह्यलं ना?" हायस्कूलचे मास्तर मला पुढे म्हणाले, कळमटोल्याच्या मुली उत्तरं लिहितात ती जणू ओरडून लिहितात.

एकदा आठवीतल्या मुलीने त्यांना विचारलं, "भाऊ, आमाले गावात सोडून तुमी वापस कसे जाता?"

"वापस जातानी मी धावतो," मुनीरभाऊ म्हणाले.

मुली हसल्या. पण त्या संध्याकाळी त्या लगेच घरी गेल्या नाहीत. गावाच्या कडेला बोडी होती, तळ्यासारखी लहानशी, तिच्या पाळीवर उभ्या राहून त्या दूर जाणाऱ्या तातेचा आवाज ऐकत राहिल्या. आवाज फाट्याकडे विरला तेव्हा हलल्या. मग तो त्यांचा रोजचा परिपाठ झाला. मीही कधी कधी त्यांच्याबरोबर उभी राहायचे.

गणिताच्या पेपरच्या दिवशी मी सिंदेवाहीला कामासाठी गेले होते, म्हणून परतीला त्यांच्याबरोबर होते. ऊन कलायला लागलं होतं. पेपर बरा गेला होता, मुली खुशीत होत्या, वंदना उत्तरं पडताळून पाहत होती. नाल्याच्या वळणावर सगळ्यांत पुढे चाललेले मुनीरभाऊ थांबले. आणि गप्प झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या वाटेवर गप्प झालेलं पाहिलं नव्हतं, म्हणून मला बघायच्या आधीच कळलं.

वाघ वाटेतच बसला होता. सावलीत, पुढचे पाय पसरून, घरच्या ओट्यावर बसावं तसा. आमच्याकडे बघत होता. मुली एकमेकींना चिकटल्या. मुनीरभाऊंच्या लुंगीचा काठ थरथरत होता, तो मला दिसत होता. मग त्यांचा हात हळूहळू तातेवर गेला. टुंय्. थोड्या वेळाने पुन्हा, टुंय्. आणि ते बोलू लागले. ओरडून नाही. दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

"साहेब, राम राम. या पोट्ट्या कळमटोल्याच्या हायेत. आज पेपर व्हता त्याईचा. गनिताचा. कठीन असते म्हंतात. सकाळपासून उपाशी हायेत, घरी माय वाट पाहून राह्यली. तुमी मोठे हा. थोडा रस्ता द्या."

वाघाने ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. तो उठला, जांभई दिली, आणि घाई न करता बांबूत शिरला. पानं हलली आणि थांबली. मुनीरभाऊंनी तात छेडणं थांबवलं नाही. तसंच छेडत, आम्हाला आपल्यापुढे घालून, ते नाला ओलांडून पार गावाच्या बांध्या दिसेपर्यंत आले. धानाची उघडी शेतं दिसली आणि त्यांचे पाय गेले. खालीच बसले. उठता येईना. वंदनाने एक हात खांद्यावर घेतला, दुसरीने दुसरा, आठवीतल्या मुलीने पिंजण उचलली.

"चला भाऊ, आता आमी नेतो तुमाले," वंदना म्हणाली.

रामाजींच्या दुकानापुढे सारा गाव गोळा झाला. रामाजींनी मुनीरभाऊंना गूळ-पाणी दिलं. त्यांच्या समोर उकिडवे बसले. मग आत जाऊन काठी आणि टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "उठा. घरी भाबी वाट पाहून राह्यल्या असतीन. आज तुमाले पोचवाले मी येतो."

दोघं निघाले. आणखी चार गडी मागे गेले. आम्ही बोडीवर उभ्या राहिलो. तातेचा आवाज नव्हता, त्या दिवशी मुनीरभाऊंच्या हातात बळ नव्हतं. आवाज येत होता रामाजींचा. तो अवाढव्य माणूस रानातून चालताना घसा ताणून काहीबाही बोलत होता, तुपाचे भाव, थोरल्या जावयाचं नाव, जे आठवेल ते.

अंधार पडता पडता रामाजी परत आले. घामाने चिंब. कोणीतरी विचारलं, "पोचवलं का?"

"हाव," रामाजी म्हणाले. "मुनीरभाऊले मुनिरी देऊन आलो."

कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून कळमटोल्यात मुनिरी मारणं बंद झालं आणि मुनिरी देणं सुरू झालं. आपल्यालाही भीती वाटत असताना दुसऱ्याला सुखरूप ठिकाणी नेऊन सोडणं, असा त्याचा अर्थ. पण मुनीरभाऊंसमोर तो शब्द न बोलण्याची गावाची सवय पक्की झालेली होती. त्यामुळे शब्द बदलला, हे सगळ्यांना कळलं. ज्याचं नाव त्यात होतं, त्याला कोणी सांगितलंच नाही.

मुनीरभाऊंना ताप भरला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, पेपरही नव्हता. पुढच्या पेपरला फाट्याकडून तातेचा आवाज आला आणि वंदना वह्या-पुस्तकं न घेताच पळत सुटली, मग हसत परत आली पुस्तकं घ्यायला. ती पास झाली. वाघाला पुढे कुठेतरी पकडून नेलं असं ऐकलं. मुनीरभाऊ त्यानंतरही मुलींना नेत-आणत राहिले. बाळंतपणाला जाणाऱ्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे त्यांच्या फेऱ्या बघून निघू लागले.

मग हळूहळू दिवस पालटले. सिंदेवाहीत कापूस पिंजायची मशीन आली. लग्नात फोमच्या गाद्या देऊ लागले. मुनीरभाऊंच्या फेऱ्या विरळ झाल्या. त्यांची बायको गेली. रफिकला गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो वडिलांना घेऊन गेला. निघायच्या आधी ते गावात येऊन घरोघरी भेटून गेले. माझ्या दाराशीही आले. "गादी दबली असन तं उन्हात टाकत जा बाई," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी बोडीवर बायका उभ्या होत्या. पण ते रफिकच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले, त्यामुळे ऐकायला काहीच नव्हतं.

रस्ता डांबरी झाला. तरी मला कित्येक दिवस सकाळी शाळा भरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मुलं पाढे म्हणत, पण त्यांना ठेका नसे.

बऱ्याच वर्षांनी शाळेत एक नवे गुरुजी आले, साताऱ्याकडचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "मॅडम, मुनिरी म्हणजे काय हो? काल त्या नव्या सुनेने शेजारणीला म्हटलं, मले दवाखान्यापर्यंत मुनिरी दे. गोंडी शब्द आहे का?" तिथे बसलेला गावचा एक तरुण म्हणाला, "नाई गुरुजी. पयले इथी जंगलात एक मुनी राह्यचे. थे लोकाईले रस्ता दाखवत. त्याईच्यावरून पडला."

तो तरुण याच गावात जन्मलेला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वंदना आरमोरीला दिली होती. ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाई, आमच्याकडे सासूबाई बी म्हंतात, पाव्हन्याईले बसस्टँडवर मुनिरी द्या." शब्द नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात गेला होता. मी ठरवलं, हे मुनीरभाऊंना सांगायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूरला आले, तिथून गडचांदूरची बस धरली. रफिकचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात तुळशी-झेंडूच्या पानांवरसुद्धा सिमेंटची भुरकी. मुनीरभाऊ खाटेवर बसून नातीची वेणी घालत होते. आता दाढी खरोखरच पांढरी झाली होती, कापूस नव्हता. मला पाहून उठायला गेले, लुंगी सावरली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. गावातल्या एकेकाचं विचारलं. बोलणं मात्र हळू झालं होतं. दोन वाक्यांमध्ये मोठी शांतता. नात आजोबांकडे बोट दाखवून म्हणाली, "दादा तो बोलतेच नई."

"कायले बोलू बाई," ते म्हणाले. "इथी सारा उजेड हाय. रात्रभर दिवे. भ्यावं असं काईच नाई."

रफिक ड्यूटीवरून आला. आता भरदार माणूस झाला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, मी एक सांगायला आले आहे. कळमटोल्यात अजून मुनिरी म्हणतात."

त्यांचा चेहरा पडला. तसाच, जसा पूर्वी पडायचा. रफिकने मान वळवली. "बाई, तुमी बी?" मुनीरभाऊ म्हणाले.

"ऐका तर खरं." आणि मी सगळं सांगितलं. रामाजी घामाने भिजून परत आले ते, पिंपळाखाली म्हणाले ते. गावातल्या नव्या सुनेचं सांगितलं, वंदनाच्या आरमोरीच्या सासूचं सांगितलं, जंगलातल्या मुनीचंही सांगितलं. मुनीरभाऊ ऐकत होते. रफिक उभा होता तो हळूच वडिलांच्या खाटेच्या कडेला बसला.

"रामाजी म्हनला असं? खुद्द रामाजी?"

"मी तिथेच होते."

"काय म्हनला, पुन्हा सांगा."

"म्हणाले, मुनीरभाऊले मुनिरी देऊन आलो."

त्यांनी ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मग एकदम रफिककडे वळले. "सुना क्या बेटा? चिढाते नई अब. अब उसका मतलब पहुँचाना है." रफिकने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

परतीच्या बससाठी मुनीरभाऊ माझ्याबरोबर थांब्यापर्यंत आले. मी नको म्हणत होते. बस आली, मी खिडकीपाशी बसले. ते खाली उभे. "रामाजीले सलाम सांगा," म्हणाले. बस सुटायला वेळ होता. शेजारच्या पानठेल्यावर एक अनोळखी माणूस पान लावत बसला होता. मुनीरभाऊ त्याच्याकडे वळले आणि बोलू लागले. आधी हळू, मग मोठ्याने. "माह्या नावाचा एक शब्द हाय भाऊ, तुमाले माईत हाय का? कळमटोल्यात म्हंतात, आरमोरीले बी म्हंतात..." पानवाल्याने हातातलं पान खाली ठेवलं. इंजिन सुरू झालं, आवाजात पुढचं बुडून गेलं. बस वळली तेव्हा मला फक्त त्यांचे हात दिसत होते, हवेत काहीतरी मोठं मोठं रेखाटणारे, आणि उघडझाप करणारं तोंड. ऐकू काहीच येत नव्हतं.

ते मी त्यांना शेवटचं पाहिलं.